स्वतःची वेबसाइट बनवायचीय? आधी पाहा, डोमेन कुणाच्या नावावर आहे

समजा, भिवंडीत धामणकर नाक्याजवळ तुमचं यंत्रमागाच्या कापडाचं छोटं ऑफिस आहे. नाक्यावरून जाणाऱ्याला तुमचा बोर्ड दिसतो. पण बाहेरगावचा व्यापारी मोबाइलवर कापड शोधतो, तेव्हा त्याला काय दिसतं? म्हणून वेबसाइट हवी. ती बनवून देणारे भरपूर आहेत, पण पैसे देण्याआधी हे पाच टप्पे समजून घ्या.

फेसबुक पेज आहे, मग वेबसाइट कशाला?

कारण ती जागा तुमची नाही. गुगलने बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनवलेल्या वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. 10 जून 2024 पर्यंत जुन्या लिंकवरून ग्राहक निदान प्रोफाइलवर पोहोचत होता, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता, त्यांची कार्डं वाया गेली. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेतलं होतं, त्यांना तेच नाव नव्या वेबसाइटला जोडता आलं.

1. आधी कागदावर लिहा

वेबसाइट कुणासाठी आणि आल्यावर त्याने काय करायचं, हे दोन ओळींत लिहा. कापडाच्या व्यापाऱ्याला क्वालिटी, पन्हा, दर आणि फोन नंबर हवा असतो. त्यासाठी चार-पाच पानं पुरतात: मुख्य पान, माल, आमच्याविषयी, पत्ता आणि संपर्क.

2. डोमेन: तुमचा पत्ता

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही. वर्षाच्या हिशेबाने नोंदवावं लागतं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. ‘डॉट इन’चा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते. 2014 पासून देवनागरीत ‘.भारत’ डोमेनही मिळतं.

खरी गडबड इथेच होते. वेबसाइट बनवणारा सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवरून डोमेन घेतो. पैसे तुम्ही देता, पण कागदोपत्री नाव त्याचं लागतं. पुढे त्याने काम सोडलं किंवा फोन उचलणं बंद केलं, तर स्वतःच्याच नावासाठी तुम्हाला त्याच्या मागे फिरावं लागतं. म्हणून डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर घ्या. काम त्याला करू द्या, चावी तुमच्याकडे ठेवा.

3. होस्टिंग आणि बांधणी

होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. तुमची पानं आणि फोटो ज्या सर्व्हरवर राहतात, ती जागा. गाळा बदलला तरी डोमेन तेच ठेवता येतं. बांधणीसाठी वर्डप्रेस हे 2003 मध्ये सुरू झालेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते मराठीतही वापरता येतं. पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने होते का, तेही तपासा. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं.

4. मराठी मजकूर युनिकोडमध्येच

छपाईसाठी वापरले जाणारे जुने मराठी फॉन्ट वेबसाइटवर चालत नाहीत. तो मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर अगम्य अक्षरांसारखा दिसतो आणि सर्चमध्येही सापडत नाही. माहितीपत्रकाचा नुसता फोटो टाकू नका. पन्हा, दर, पत्ता टाइप करा. शेवटी प्रत्येक पान साध्या मोबाइलवर उघडून पाहा.

5. देखभाल: खरं काम इथून पुढे

डोमेनची मुदत संपली की वेबसाइट बंद पडते. नूतनीकरणासाठी काही दिवसांची सवड मिळू शकते, पण उशीर झाला तर जादा पैसे लागतात. शेवटी ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाका. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन अपडेट करत राहा, कारण जुन्या प्लगइनमधूनच अनेकदा हॅकर आत शिरतात. महिन्यातून एकदा बॅकअप घ्या आणि तो होस्टिंगपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. बदललेला दर आणि बंद पडलेला फोन नंबर लगेच दुरुस्त करा.

शेवटचा हप्ता देण्याआधी या चार गोष्टी मागा

• डोमेनच्या खात्याचा लॉगिन
• होस्टिंगचा लॉगिन
• वर्डप्रेसचा अॅडमिन पासवर्ड
• पूर्ण वेबसाइटचा बॅकअप

चारही हातात आल्यावर स्वतः लॉगिन करून पाहा, पासवर्ड बदला आणि मगच पैसे चुकते करा. गाळ्याचा व्यवहार आपण कागद पाहिल्याशिवाय करत नाही. वेबसाइटचाही करू नका.