उंदीर जिथे गप्प राहिले

#थ्रेड

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले. कितीही मोठी मात्रा दिली तरी उंदीर मरत नाहीत, ही त्याच्या निर्धोकपणाची मोठी ग्वाही मानली गेली. गर्भवती स्त्रिया मळमळीवर ते घेऊ लागल्या. नोव्हेंबर १९६१मध्ये ते मागे घेतले गेले, तोवर जगभरातील हजारो गर्भांवर त्याचा घाला पडला होता. दहा हजारांहून अधिक बालके आखूड हातपाय वा अन्य व्यंगे घेऊन जन्मली.

पुढे गाभण उंदरांना ते देऊन पाहिले, तरी पिल्लांचे पाय आखूड झाले नाहीत. सशांत मात्र व्यंगे दिसली. हे औषध शरीरात नेमके कशाला जाऊन चिकटते, हे कोडे जवळपास अर्धशतक सुटले नाही.

आता एका माशाकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीतील स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२च्या गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. बोटापेक्षाही लहान, अंगावर निळे पट्टे. हा झेब्राफिश. (होय, प्रयोगशाळांचा हा लाडका मूळचा आपल्या उपखंडातला!)

ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचा अभ्यास सोडून हा शोभेचा मासा हाती घेतला. कित्येक वर्षांच्या खटाटोपानंतर, १९८१मध्ये, जनुकीयदृष्ट्या तंतोतंत सारखे मासे निपजवण्याची रीत त्यांनी प्रसिद्ध केली. तीनच वर्षांनी ते वारले. माशाची कीर्ती पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

उंदराचा गर्भ आईच्या पोटात दडलेला असतो. या माशाची अंडी पाण्यातच फलित होतात आणि गर्भ काचेसारखा पारदर्शक. औषध पाण्यात मिसळावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहावे.

टोकियोतील हिरोशी हांडा यांच्या गटाने नेमके हेच केले. मानवी पेशींच्या अर्कात थॅलिडोमाइडला चिकटणारे सेरेब्लॉन हे प्रथिन त्यांना सापडले होते. पण व्यंगांचे मूळ तेच, हे सिद्ध करायला जिवंत गर्भ हवा. उंदीर इथे निरुपयोगी. कोंबडीच्या गर्भांसोबत झेब्राफिश कामी आला. ‘उंदराऐवजी मासा’ ही घोषणा मला सरसकट पटत नाही, कारण माशाला ना फुप्फुसे, ना वार. या प्रश्नापुरता मात्र तोच योग्य साक्षीदार होता.

औषधाच्या पाण्यात त्याच्या छातीजवळच्या परांची वाढ खुंटली. मग काही गर्भांत, औषध चिकटू शकणार नाही असा बदल केलेले सेरेब्लॉन घातले. पाण्यात औषध होतेच, पण पर वाढले. हा निबंध २०१०मध्ये प्रसिद्ध झाला.