कॉन्टॅक्ट प्रिंट

कॉन्टॅक्ट प्रिंट : निगेटिव्ह फोटोच्या कागदावर घट्ट टेकवून, वरून उजेड देऊन काढलेली, निगेटिव्हच्याच आकाराची प्रत. प्रतिमा लहानमोठी करणारे भिंग मध्ये नसते. निगेटिव्हचा काळा भाग उजेड अडवतो, पारदर्शक भाग सोडतो आणि खालच्या कागदावर छाया-प्रकाश पुन्हा सुलट होतात. रोल फिल्मच्या काळातले अल्बममधले लहान, पांढऱ्या काठाचे फोटो पुष्कळदा असेच काढलेले असत. प्रतिमा मोठी करून छापणारा एन्लार्जर आल्यावर ही पद्धत मागासलेली मानली जाऊ लागली, पण ते बरोबर नाही. निगेटिव्हमध्ये नेमके काय उतरले आहे हे इतक्या सरळपणे सांगणारी दुसरी प्रत नाही, आणि घरी प्रिंट काढायला शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३५ मध्ये इंग्लंडमधील लॅकॉक अ‍ॅबी या आपल्या घराच्या खिडकीची कागदी निगेटिव्ह तयार केली. निगेटिव्हखाली दुसरा संवेदनशील कागद ठेवून उन्हात धरला की सुलट प्रत मिळते, आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. १८५० मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला अल्ब्युमिन कागद आला. १८५१ मध्ये काचेवरची ओली कलोडियन निगेटिव्ह आली. पुढची काही दशके या दोहोंची जोडी टिकली. मोठा फोटो हवा तर निगेटिव्हही तेवढीच मोठी लागे, म्हणून कॅमेरेही पेटीएवढे असत.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतली नावे. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या अल्ब्युमिन प्रिंट काचेच्या निगेटिव्हवरून कॉन्टॅक्टनेच काढलेल्या आहेत. त्यांच्या काचांचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

उन्हात छापण्याच्या त्या काळात लाकडी प्रिंटिंग फ्रेम वापरत. तिची पाठ बिजागरीने दोन भागांत उघडते. एक भाग दाबलेला ठेवून दुसरा उचलला की प्रिंट किती चढली ते पाहता येते आणि कागद जागचा हलत नाही. कागदावर प्रतिमा उन्हातच उमटत असल्याने ही सोय आवश्यक होती. लिओ बेकलंड यांच्या व्हेलॉक्स कागदाने १८९३ पासून हे चित्र बदलले. या कागदाची संवेदनशीलता इतकी कमी होती की दिव्याच्या मंद उजेडात तो निर्धास्त हाताळता येई. नंतर गॅसच्या ज्योतीजवळ धरून उजेड दिला आणि डेव्हलपरमध्ये टाकला की प्रतिमा येई. ऊन आणि ढग यांच्यावर अवलंबून असलेले काम रात्री घरात करता येऊ लागले. हौशी माणसाच्या घरात डार्करूम शिरली ती मुख्यत्वे अशा कागदांमुळे. ईस्टमन कोडॅकने १८९९ मध्ये व्हेलॉक्स विकत घेतला.

घरगुती डार्करूम म्हणजे बहुधा रात्रीचे न्हाणीघर. खिडकीला काळे कापड, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल, फळीवर डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) व हायपो (प्रतिमा पक्की करणारे द्रावण) यांचे तीन ट्रे आणि शेजारी पाण्याची बादली, एवढ्यात काम भागते. कागद, काच आणि निगेटिव्ह कोरड्या बाजूला ठेवायच्या. ओल्या हाताने तिकडे जायचे नाही. लाल सेफलाइट ट्रेपासून निदान चार फुटांवर असावा. तो खरोखर सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी कागदावर एक नाणे ठेवून सेफलाइटखाली पाच मिनिटे थांबावे आणि मग तो कागद डेव्हलप करावा. नाण्याची गोल खूण उमटली तर दिवा बदलावा.

डेव्हलपर घरी करता येतो. डी-७२ या जुन्या सूत्रात एक लिटरसाठी मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड १.९ ग्रॅम लागते. पाणी कोमट घ्यावे आणि मेटॉल पूर्ण विरघळल्यावरच सल्फाइट टाकावे. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी मिसळावे. स्टॉप बाथ म्हणून स्वयंपाकघरातले पांढरे व्हिनेगर तिप्पट पातळ करून चालते. मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ उठते, म्हणून चिमटा वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

सर्व सूत्रे २० अंश सेल्सिअस गृहीत धरून लिहिलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा मराठवाड्यात नळाचेच पाणी तीस अंशांच्या वर असते. अशा पाण्यात डेव्हलपर धावतो, जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि कडेने सुटू लागतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रे मोठ्या परातीत ठेवून परातीत बर्फाचे पाणी घालणे. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये, तो पातळ होतो. थर घट्ट करण्यासाठी आम्लयुक्त हायपोमध्ये पोटॅश अ‍ॅलम, म्हणजे आपली तुरटीच, घालण्याची जुनी पद्धत आहे.

कॉन्टॅक्ट प्रिंटचे सगळे यश निगेटिव्ह आणि कागद यांच्या स्पर्शावर अवलंबून आहे. निगेटिव्हची मंद, इमल्शनची बाजू कागदाच्या चकचकीत बाजूला भिडली पाहिजे. फिल्म ज्या अंगाला आत वळते ती तिची इमल्शनची बाजू. उलटी ठेवली तर प्रतिमा डावी-उजवी होते, शिवाय फिल्मच्या जाडीइतके अंतर पडून तपशील बोथट होतात. वर जाड, स्वच्छ काच ठेवावी. पाच-सहा मिलिमीटरची काच स्वतःच्या वजनानेच फिल्म सपाट करते. खाली फोमचा तुकडा असला की दाब सारखा पडतो. उजेड एन्लार्जरचा असेल तर तो भिंगाच्या लहान छिद्रातून, जवळजवळ एकाच दिशेने येतो, त्यामुळे स्पर्शातली किंचित त्रुटी झाकली जाते. दुधी बल्बचा पसरट उजेड तशी सवलत देत नाही. पावसाळ्यात दमट हवेने फिल्मची गुळगुळीत पाठ काचेला चिकटते आणि प्रिंटवर वेडीवाकडी वर्तुळे येतात. यांना न्यूटनची वलये म्हणतात. काच किंचित कोमट करून, फिल्म कोरडी करून पुन्हा ठेवली की ती बहुतेक वेळा जातात. धुळीचा कण प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन येतो, म्हणून मऊ ब्रश हाताशी ठेवावा.

उजेड किती द्यायचा हे अंदाजाने ठरवू नये. कोऱ्या पण डेव्हलप केलेल्या फिल्मचा तुकडा कागदाच्या पट्टीवर अर्ध्या भागात ठेवावा आणि जाड पुठ्ठा सरकवत तीन-तीन सेकंदांच्या पायऱ्यांनी उजेड द्यावा. पट्टी पूर्ण वेळ डेव्हलप करून, धुऊन आणि वाळवून दिवसाच्या उजेडात पाहावी. ज्या पायरीला फिल्मखालचा काळा आणि उघड्या कागदाचा काळा यांतला फरक पहिल्यांदा नाहीसा होतो, तो आपला वेळ. ओल्या कागदाचा निकाल धरू नये. वाळल्यावर प्रिंट किंचित गडद होते. एन्लार्जरची उंची, भिंगाचे छिद्र, कागद आणि डेव्हलपर तेच असतील तोवर हा वेळ बदलत नाही. बदलतो तो विजेचा दाब. व्होल्टेज पडले की बल्ब मंदावतो, म्हणून स्टॅबिलायझर लावलेला बरा.

एकदा हा वेळ पक्का झाला की पूर्ण रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या चौकटींची एकाच कागदावर काढलेली कॉन्टॅक्ट प्रिंट, वाचता येते. काळवंडलेली चौकट म्हणजे कॅमेऱ्यात उजेड कमी पडला, फिकट चौकट म्हणजे जास्त पडला. एकेका चौकटीला वेगळा वेळ देऊन सगळ्या सुंदर करण्याचा मोह टाळावा, कारण मग शीटची साक्ष खोटी होते.

मापाचीही एक अडचण आहे. ८ × १० इंची कागद २०३ मिलिमीटर रुंद असतो, तर ३५ मिलिमीटर फिल्मच्या सहा पट्ट्या शेजारी ठेवल्या की २१० मिलिमीटर होतात. त्यामुळे कडेच्या पट्टीची छिद्रे कापली जातात. पाच चौकटींच्या सात पट्ट्या केल्या तर नीट बसतात, पण छत्तिसावी चौकट बाहेर राहते. चौरस ६ × ६ सेंटिमीटरच्या बारा चौकटी मात्र तीनच्या चार पट्ट्यांत व्यवस्थित मावतात.

कॉन्टॅक्ट शीटवर छायाचित्रकाराची निवड उघडी पडते. डायान आर्बस यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खेळण्यातला हातबॉम्ब धरलेल्या मुलाचे छायाचित्र घेतले. त्यात मुलाचा चेहरा ताणलेला आणि हात आखडलेले दिसतात. त्याच रोलच्या कॉन्टॅक्ट शीटवर तो मुलगा इतर चौकटींत साध्या मुलासारखा उभा आहे. शीट शेजारी ठेवून पाहिली की त्या प्रसिद्ध छायाचित्रात मुलगा किती आणि आर्बस यांची नजर किती, हा प्रश्न टाळता येत नाही.

एन्लार्जर सर्वत्र झाल्यावरही काहींनी कॉन्टॅक्ट प्रिंट हीच अंतिम कलाकृती मानली. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये टिपलेली ढोबळी मिरची, ‘पेपर नं. ३०’, ही ८ × १० इंची निगेटिव्हवरून काढलेली कॉन्टॅक्ट प्रिंट आहे. मिरचीच्या सालीवरचा उजेड त्यात ज्या सलगपणे उतरतो, तो मोठ्या निगेटिव्हचा आणि थेट स्पर्शाचा गुण आहे. अशा कामासाठी प्रिय असलेला अ‍ॅझो हा सिल्व्हर क्लोराइड कागद कोडॅकने २००५ मध्ये बंद केला. भारतात १९६० मध्ये उटी येथे स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल कागद बनवत असे. तोही आता बनत नाही. आज मिळतो तो बहुतेक एन्लार्जिंगचा आयात कागद. तो जुन्या कॉन्टॅक्ट कागदापेक्षा कित्येक पट वेगवान असल्याने खोलीतला नेहमीचा बल्ब त्याला फार होतो. एन्लार्जर नसेल तर सात-आठ वॅटचा बल्ब दूर टांगावा.

धुण्यात घाई करू नये. प्लास्टिकचा थर असलेला कागद वाहत्या पाण्यात दोन-चार मिनिटांत धुतला जातो, साध्या फायबर कागदाला तासभर लागतो. हायपो राहिला तर प्रिंट काही वर्षांत पिवळी, डागाळलेली होते. वापरलेल्या हायपोमध्ये चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक आहे. तो गटारात किंवा नदीत ओतू नये, वेगळ्या कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याला द्यावा.

जुन्या घरांच्या माळ्यावर अजून अ‍ॅग्फा क्लिक कॅमेऱ्याच्या चौरस निगेटिव्ह, क्वचित काचेच्या प्लेटही सापडतात. त्या रद्दीत घालू नका. काचेची प्लेट चिरलेली नसेल, तर तिच्यावर फारसा दाब न देता आजही कॉन्टॅक्ट प्रिंट काढता येते. १९५० पूर्वीची फिल्म असेल आणि तिला उग्र वास येत असेल किंवा ती चिकट झाली असेल, तर ती ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म असू शकते. ती बल्बजवळ नेऊ नका, जाणकाराला दाखवा. बाकी सगळ्यांची एकेक कॉन्टॅक्ट प्रिंट काढा, तिच्यामागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे व गाव लिहा आणि ती निगेटिव्हसोबत एकाच पाकिटात ठेवा.