संगमनेरचा फड

तमाशाचा इतिहास लिहू जाणाऱ्यास पहिली अडचण अशी येते की, कवने उरतात आणि आवाज उरत नाही. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफून ठेवतो. ढोलकीच्या थापेवर मात थाप देणाऱ्याचे नाव कोरलेले नसते. त्यामुळे आपल्याकडे तमाशाचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो बहुधा शाहिरांच्या चरित्रांचा असतो, फडांचा नसतो. तथापि केवळ शाहिराने तमाशा उभा राहिल्याचे कोणी पाहिले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हाच इतिहास फडाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न करणार आहो, व त्यासाठी एकच गाव डोळ्यांपुढे ठेवणार आहो. ते गाव म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, प्रवरेच्या काठचे संगमनेर. गेल्या पावणेतीनशे वर्षांत या गावाच्या आसमंतात तमाशाच्या इतिहासातील तीन मोठी माणसे राहिली. आणि तिघांच्या वाट्याला आलेल्या कीर्तीत जे अंतर आहे, तेच या लेखाचे कारण आहे.

प्रथम फड म्हणजे काय ते पाहू. ढोलकीफडाच्या तमाशात आरंभी ढोलकी आणि हलगी यांची सलामी झडते, मग गणेशाचे स्तवन करणारा गण, त्यानंतर गवळण, मग सोंगाड्याची बतावणी, लावण्या, आणि अखेर पहाटेपर्यंत चालणारा वग, असा क्रम असतो. पुढे गाणारा सरदार. त्याच्या पाठीशी तुणतुणे आणि मंजिरी घेऊन उभे राहिलेले सुरते. सरदाराने ओळ सोडली की हे सुरते ती उचलून उंच स्वरात ताणतात. यालाच झील म्हणतात. पांढरपेशा श्रोत्यास हा प्रकार केवळ आरडाओरड वाटत आला आहे. परंतु ध्वनिवर्धक नसलेल्या काळी, उघड्या माळावर, जत्रेच्या गलबल्यात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवावयाचा, तर तो टिपेलाच न्यावा लागतो. आणि रात्रभर गावयाचे, तर सरदाराला श्वास घेण्यापुरती उसंत कोणीतरी द्यावीच लागते. ढोलकीची शाई लावलेली बाजू जो टणक, उंच नाद काढते तोही याच गरजेतून पसंत पडला असला पाहिजे. ज्याला आपण रांगडेपणा म्हणतो त्यात पुष्कळसा भाग अशा हिशेबाचा आहे. तेव्हा झीलकरी हा गाण्याचा अलंकार नव्हे, आधार आहे.

आता पहिल्या पुरुषाकडे वळू. अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा राहणारा, जातीने ब्राह्मण, आडनावाने घोलप. फंदी हे त्याचे नाव मलिक फंदी नावाच्या एका फकिराच्या मैत्रीमुळे पडले, असे सांगतात. आमच्या मते या एका गोष्टीतच त्या काळच्या तमाशाचे सारे सामाजिक चित्र आले. गावच्या वेशीच्या आत ज्यांचे एकमेकांशी पाणी चालत नसे, ते तमाशाच्या बोर्डावर खांद्याला खांदा लावून उभे राहत. इतकेच नव्हे, तर एक दुसऱ्याच्या नावाने ओळखला जाई. फंदीने लावण्या रचल्या, पोवाडे रचले, सवाई माधवरावाच्या मृत्यूवर ‘श्रीमाधवनिधन’ हे काव्य लिहिले. परंतु शाळेत शिकलेल्या महाराष्ट्रास तो परिचित आहे तो उपदेशपर फटक्यामुळे. आणि हा फटका तमाशा सोडल्यानंतरच्या फंदीचा, असाच सर्वसाधारण समज आहे.

तमाशा सोडल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. फंदी आपला फड घेऊन होळकरांच्या राज्यात गेला असता अहिल्याबाईंनी त्याला, ब्राह्मण असून हा धंदा करतोस, म्हणून दोष दिला. त्याने डफ-तुणतुणे टाकले आणि तो कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडीस, १७२५ साली झाला. जिल्ह्याचे नवे नाव त्यांचेच आहे, आणि ज्या राणीने घाट व देवळे बांधून अर्धा हिंदुस्थान उपकृत केला तिचे नाव जिल्ह्यास मिळावे यात कोणास वावगे वाटणार नाही. आख्यायिका खरी की खोटी, या वादातही आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष तिच्या घडणीकडे आहे. सोलापूरच्या रामजोशाविषयीही (१७६२–१८१२) जवळजवळ हीच कथा सांगतात: तोही ब्राह्मण, तोही तमासगीर, त्यालाही एका वंद्य व्यक्तीने, म्हणजे मोरोपंतांनी, त्या मार्गावरून परत आणले, आणि तोही कीर्तनकार झाला. एकाच साच्यातून निघालेल्या या दोन कथा समाजाला काय ऐकावयाचे होते ते सांगतात. तमाशा हा गुणी माणसाच्या आयुष्यातील एक चुकलेला रस्ता. तो सोडला म्हणजे माणूस पावन झाला.

परंतु या कथांत एक प्रश्न कोणी विचारीत नाही. सरदार निघून गेल्यावर बाकीच्यांचे काय झाले? ढोलकीवाल्यास कीर्तनात जागा नव्हती. स्त्रीवेष घेऊन नाचणाऱ्या पोरास कोणती राणी दोष देणार, आणि दोष दिला तरी तो दुसरे काय करणार? तमाशा सोडता येणे हीदेखील एक प्रकारची मिरास होती. ज्यांच्यापाशी ती होती ते संत झाले. ज्यांच्यापाशी नव्हती ते फडात राहिले, आणि तमाशा त्यांनी जगविला.

याचे प्रमाण म्हणून दुसऱ्या बाजूची नावे पाहावी. जे फडातच राहिले त्यांची नावे बहुधा जोडीने येतात. होनाजी-बाळा हे एका माणसाचे नाव नाही. कवने रचणारा होनाजी आणि ती गाणारा बाळा यांचे ते सामाईक नाव आहे. पुढच्या शतकात कवलापूरचे शिवा-संभा असेच जोडीने प्रसिद्ध झाले. पहिला वग म्हणून जो मानला जातो तो ‘मोहना-बटाव’ १८६५ च्या सुमाराचा, आणि त्याचा कर्ता उमा बाबू सावळजकर हा मांग समाजातला. याच शतकात तमाशाचा भार मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांच्या खांद्यांवर आला. पेशवाईबरोबर दरबारचा आश्रय गेला होता; आता आश्रय उरला तो गावोगावच्या जत्रांचा, आणि मुंबईत गिरण्यांसाठी गेलेल्या कामकऱ्यांचा.

याच काळातील दुसरी व्यक्ती म्हणजे पवळाबाई हिवरगावकर (१८७०–१९३९). हिवरगाव पावसा हे संगमनेर तालुक्यातील खेडे पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांस अलीकडे टोलनाक्यामुळे ठाऊक झाले. पण तमाशाच्या जाणकारांना ते फार आधीपासून पवळेमुळे ठाऊक आहे. महार कुटुंबात जन्मलेली ही स्त्री ढोलकीफडाच्या बोर्डावर उभी राहणारी पहिली स्त्री मानली जाते. तिच्या आधी ते काम नाच्या पोऱ्या करीत असे. हा बदल केवढा होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. सोंग आणि सोंग आणणारा यांत जे अंतर होते ते नाहीसे झाले. लावणीतील स्त्रीचे बोलणे प्रथमच स्त्रीच्या तोंडून फडात ऐकू आले. याचे मोलही तिलाच द्यावे लागले. नाच्या पोऱ्याची लोक थट्टा करीत. पवळेच्या वाट्यास थट्टेखेरीज कलंकही आला.

पवळेची आणि पठ्ठे बापूरावांची (१८६६–१९४५) जोडी सर्वश्रुत आहे. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. फंदी आणि रामजोशी ज्या वाटेने परतले त्या वाटेने हा कुलकर्णी परतला नाही. तो फडातच राहिला, आणि त्याबद्दल त्याने जातीचा रोष पत्करला. हा त्याचा मोठेपणा निर्विवाद आहे. मुंबईत पिला हाऊसच्या वस्तीपासून घाटावरच्या जत्रांपर्यंत या फडाने लोकांस वेड लाविले. पुढे दोघांत बेबनाव झाला, आणि दोघांचेही अखेरचे दिवस हलाखीत गेले, असे सांगतात. परंतु मरणोत्तर हिशेब मात्र सारखा झाला नाही. १९५० साली चित्रपट निघाला तो ‘पठ्ठे बापूराव’ या नावाने. बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या, त्यांवर टीका झाली, त्यांची संख्या लाखांनी सांगण्यापर्यंत भक्तांची मजल गेली. पवळेचे काय छापणार? तिचे कर्तृत्व पावलांत, मुद्रेत आणि स्वरात होते. ते ज्या रात्री झाले त्याच रात्री सरले. तिचे स्मरण राहिले तेही पुष्कळदा बापूरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून.

हा अन्याय मराठी मुलखापुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९८० च्या सुमारास, वॉशिंग्टन शहरातील काही तरुणांनी ‘हार्डकोअर पंक’ या नावाचे अतिशय वेगवान, कर्कश आणि आखूड गाण्यांचे संगीत उभे केले. कोणतीही मोठी कंपनी त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढीना. म्हणून त्यांनी ‘डिस्कॉर्ड’ ही आपली स्वतःची संस्था काढली, मिळेल त्या सभागृहात, तळघरात जलसे केले, आणि दर स्वस्त ठेवला. ‘मायनर थ्रेट’ हे त्यांतील एक मंडळ अवघी तीनएक वर्षे टिकले, पण त्याचे नाव जगभर झाले. ज्यांचा वेग पाहून ही मुले शिकली त्या ‘बॅड ब्रेन्स’ या मंडळातील गवई कृष्णवर्णी होते. आज त्या संगीताचे जाणते इतिहासकार एकेका मंडळाचा नव्हे, तर त्या साऱ्या परिसराचा इतिहास लिहितात: जागा कोणी दिली, कोण कोणापासून शिकले, तिकिटाचे पैसे कसे वाटले. देश निराळा, काळ निराळा, गाण्याचा विषय तर अगदीच निराळा. पण सभ्य समाजाने नाक मुरडलेल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या संगीताचा इतिहास लिहिण्याची ही रीत आम्हांस अनुकरणीय वाटते.

त्या रीतीने पाहिले म्हणजे संगमनेरची तिसरी व्यक्ती नीट समजते. कांताबाई सातारकर यांचा जन्म १९३९ सालचा, गुजरातेतला. त्या वाढल्या साताऱ्यास, आणि कर्मभूमी झाली ती संगमनेर. नामांकित फडमालक तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या आल्या व त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. हा काळ तमाशाला सोपा नव्हता. स्वातंत्र्याच्या आसपास सरकारने तमाशावर बंधने घातली, पुढे संहिता तपासून परवाना देण्याची पद्धत आली, आणि ‘लोकनाट्य’ हे सोवळे नाव पुढे झाले. १९६४ साली खेडकर वारले. सरदार गेल्यावर फडाचे काय होते, हा जो प्रश्न फंदीच्या कथेत अनुत्तरित राहिला, त्याचे उत्तर येथे एका बाईने दिले: काही वर्षांनी त्यांनी स्वतःचा फड उभा केला, आणि तो चालविला. नाच्या पोऱ्या स्त्री होत असे त्या बोर्डावर ही स्त्री शिवाजीमहाराजांची भूमिका करू लागली. पुढे विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, तो प्रथम कांताबाईंना मिळाला. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी फडाची धुरा उचलली, आणि फडाच्या पाटीवर ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ अशी अक्षरे आली. पाटीवरील हा ‘सह’ आम्हांस होनाजी-बाळाच्या जोडनावाची आठवण करून देतो.

फडाचे अर्थकारणही येथे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून ‘फड चालविला’ या शब्दांचे वजन कळणार नाही. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत फिरतात. पावसाळ्यात घरी बसावे लागते. त्या बसण्याच्या दिवसांत कलावंतास मालकाकडून उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की पुढचा हंगाम बांधला गेला. मालकालाही ही रक्कम बहुधा कर्जाऊच आणावी लागते. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की हे सारे फिटावयाचे. त्यासाठी गुढीपाडव्यापासून, संगमनेरहून पुण्याच्या वाटेवर असलेल्या नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपाऱ्या ठरवितात. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि करोनाच्या साथीमुळे सारा देश बंद झाला तोही त्याच दिवशी. जत्रा राहिल्या, सुपाऱ्या बुडाल्या, आणि वर्षभराच्या उचलीचे ओझे तेवढे शिल्लक राहिले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, त्या साथीतच कांताबाई संगमनेरास निवर्तल्या.

अनंत फंदीच्या नावाने संगमनेरात व्याख्यानमाला चालत आली आहे. हे योग्यच आहे. परंतु फंदीची कीर्ती ज्या फटक्यावर उभी आहे तो प्रकारदेखील शाहिरांच्याच घरचा. म्हणजे डफ टाकल्यावरही त्याच्या कवितेत ठेका उरला तो फडाचाच, आणि त्या ठेक्यात मलिक फंदीचा आणि नावे विसरलेल्या किती सोबत्यांचा वाटा होता ते आता कोण सांगणार? फंदीने फड सोडला, आणि आपण त्याला उपदेशक म्हणून पाठ केले. पवळेने फडाला नवे रूप दिले, आणि आपण तिला दुसऱ्याच्या चरित्रात ठेविले. कांताबाईंनी मोडलेला फड पुन्हा उभा केला. त्यांचे चरित्र लिहिले गेले, त्यांना मान मिळाला, हे खरे. पण त्यांच्या ढोलकीवाल्याचे, झीलकऱ्यांचे, राहुटी ठोकणाऱ्यांचे काय?

तमाशातील जुनी माणसे झपाट्याने जात आहेत. कोणत्या फडात कोण कोणाच्या हाताखाली तयार झाला, उचल किती होती, कोणत्या जत्रेत कोणता वग चालला, कोणत्या गावाने तंबू जाळला आणि कोणत्या गावाने भाकरी दिली, हे सारे त्यांच्या तोंडी आहे. कागदावर फार थोडे आहे. लावण्यांच्या पोथ्या जमविण्यात विद्वानांनी शंभर वर्षे घालविली आणि ते काम थोर झाले. आता माणसांची टिपणे करण्याची वेळ आहे, आणि आमच्या मते आरंभ संगमनेरपासून करावा. कवन कवीचे असेल; पण रात्र फडाची असते, आणि तमाशाचा इतिहास हा अशा रात्रींचा इतिहास आहे.