टेस्ट पास झालेला बॉयलर का चिरतो?

शाहू मिलचं धुराडं कोल्हापुरात कुणी बघितलं नाही असं होणार नाही. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी सुरुवात करून दिलेली ही गिरणी. धुराडं दिसतं, पण त्याच्या पायाशी धडधडणारा बॉयलर कुणाला आठवत नाही. आज त्याच जमान्यातल्या बॉयलरच्या पोलादाला लागणाऱ्या एका छुप्या रोगाबद्दल बोलूया.

तेव्हा बॉयलर वेल्ड करत नसत. पत्र्यांच्या कडा एकमेकांवर चढवायच्या, भोकं पाडायची आणि तापलेले रिव्हेट ठोकायचे. पाणी जड असलं की आत खपली धरते, म्हणून पाण्यात सोडा टाकायचे. उष्णतेनं त्या सोड्याचं कॉस्टिक बनतं. पातळ असताना ते निरुपद्रवी. पण रिव्हेटच्या सांध्यातून पाणी झिरपलं की वाफ उडून जाते आणि कॉस्टिक मागं राहतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटून काकवी होते ना, अगदी तसं. वर पत्र्याला भोकं पाडताना आणि रिव्हेट ठोकताना पोलादात जो ताण अडकलेला असतो, तोही नेमका तिथंच. मग एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत बारीक भेग पळते, तीही दोन पत्र्यांच्या मध्ये. बाहेरून सगळं चकाचक!

बरीच वर्षं इंजिनिअर पोलादालाच शिव्या घालत होते. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सॅम्युएल पार यांनी कॉस्टिककडे बोट दाखवलं. नुसता ताण नाही, नुसतं रसायन नाही; दोन्ही एकत्र आले तरच भेग. यालाच स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात.

याच रोगाचा एक जुना किस्सा आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवली की आपोआप चिरायची. पाऊस येतो आणि चिरतात, म्हणून नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. खरा गुन्हेगार होता घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि ते नीट सिद्ध व्हायला १९२१ उजाडलं.

आता कायद्याचं बघा. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला आणि १९२३ मध्ये सगळ्या देशासाठी एक कायदा झाला. इन्स्पेक्टर येतो, पाण्याचा जादा दाब देऊन बघतो, बारा महिन्यांचं सर्टिफिकेट देतो. हे हवंच, त्यानं असंख्य जीव वाचलेत. पण ही भेग कॅलेंडर बघून वाढत नाही. आज दाब झेलला आणि सहा महिन्यांनी भेग पडली, असं होऊ शकतं. आम्ही कोडवाले रोज हेच भोगतो: सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि शुक्रवारी रात्री सर्व्हर आडवा. फरक इतकाच, की आमच्या सर्व्हरमधून उकळती वाफ बाहेर येत नाही.

रिव्हेट गेले, वेल्डिंग आलं, स्टेनलेस स्टील आलं. रोग मात्र नव्या घरात राहायला गेला. आपल्या पालघर जिल्ह्यातली तारापूरची अणुवीज केंद्रं १९६९ मध्ये सुरू झाली, जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्यावर. अशा अणुभट्ट्यांमध्ये ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील सर्रास वापरत. वेल्डिंगची उष्णता लागली की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि स्टीलच्या कणांच्या सीमेवरचं क्रोमियम कमी होतं. गंज थोपवणारं तेच तर असतं! त्यात वेल्डचा उरलेला ताण, आणि पावणेतीनशे अंशांच्या वर तापलेलं, ऑक्सिजन विरघळलेलं पाणी. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेस्डेन केंद्रात वेल्डशेजारी अशा भेगा सापडल्या आणि जगभर अशा केंद्रांचे पाइप तपासायची धावपळ सुरू झाली. उपाय म्हणून कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असलेलं स्टील वापरायला लागले.

तारापूरची ती दोन्ही जुनी युनिट्स २०२० पासून बंद ठेवून पाणी फिरवणारे मोठे पाइप बदलायचं काम हाती घेण्यात आलं. पन्नास वर्षं चाललेले पाइप कापून काढायचे आणि गंजाला जास्त दाद न देणाऱ्या धातूचे नवे बसवायचे, तेही किरणोत्सर्ग असलेल्या जागेत, एकेक वेल्ड तपासत.