अकलूजचा द्राक्षमळा आणि लावणीचा आश्रय

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी घाटमाथ्यावर ख्यातनाम आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या गावाच्या दक्षिणेस भीमेपलीकडे दौंड तालुका लागतो. त्या तालुक्यातील चौफुला येथे संगीतबारीची कलाकेंद्रे आहेत, आणि रोटी येथे एका मोठ्या मद्य-कंपनीने उभारलेली वायनरी आहे. एकाच तालुक्यातील या दोन स्थळांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु तेथून आणखी दक्षिणेस, सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, लावणी आणि द्राक्षासव या दोहोंचा संबंध एकाच घराण्याशी आलेला दिसतो. अकलूजचे मोहिते-पाटील हे ते घराणे होय. कलेच्या आश्रयाचा इतिहास अभ्यासणाऱ्यास या योगायोगाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

द्राक्षमळेवाल्या घराण्यांनी कलेस आश्रय द्यावा ही कल्पना मूळची युरोपातील. फ्रान्समधील मुताँ रॉथशील्ड या मळ्याच्या बाटलीवर १९४५ पासून प्रतिवर्षी एखाद्या चित्रकाराचे चित्र छापले जाते. १९५५ साली ब्राक आणि १९७३ साली पिकासो यांना तो मान मिळाला. तेथे मळा आधीचा व कला मागाहूनची. मळ्याची कीर्ती आणि द्रव्य या दोहोंच्या बळावर चित्रकारास पाचारण करण्यात आले. अकलूजचा क्रम नेमका उलटा आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा खरा विषय तोच आहे.

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुक्याचे रूप पालटले. १९३२ साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी स्थापिलेल्या साखर कारखान्यामुळे माळीनगर वसले. पुढे सहकाराच्या युगात शंकरराव मोहिते-पाटील यांनी अकलूजचा सहकारी कारखाना उभा केला. उसाच्या या अर्थकारणाने जे नवे नेतृत्व निर्माण केले, त्याने जुन्या दरबारांची काही कामे नकळत आपल्याकडे घेतली. नगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे विखे-पाटलांच्या नावाने साहित्याचे पुरस्कार दिले जातात, हे त्याचेच एक उदाहरण. अकलूजने मात्र अधिक अवघड वस्तू निवडली. शंकररावांच्या स्मरणार्थ त्यांचे पुत्र जयसिंह मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने १९९० नंतरच्या दशकात तेथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली व ती दीर्घकाळ भरत आली.

अवघड असे म्हणण्याचे कारण इतिहासात आहे. सोलापूरचे रामजोशी (१७६२-१८१२) आणि संगमनेरचे अनंतफंदी (१७४४-१८१९) यांच्या काळी लावणीस पेशवाईच्या उत्तरार्धातील दरबारी व सरदारी आश्रय होता. तो १८१८ नंतर लोपला, आणि लावणी फडांच्या व बारीच्या आधाराने, म्हणजे तिकिटाच्या व दौलतजाद्याच्या पैशावर जगू लागली. ज्या स्त्रियांनी ती जगविली त्या बहुधा कोल्हाटी व तत्सम जातींतील होत्या. कलेच्या वाट्याला आलेली अप्रतिष्ठा त्यांच्या जन्मालाच चिकटली. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली व नंतर सुधारणेच्या अटींवर ती उठविली. त्याच सरकारने १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा केला. हे दोन निर्णय सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत वाचले जातात. वस्तुतः ते एकाच नैतिक दृष्टीचे अपत्य होते: श्रमिकाची संध्याकाळ शुद्ध करावयाची, हा दोहोंमागील हेतू. त्या संध्याकाळी ज्यांची उपजीविका होती त्यांचे काय, हा प्रश्न मात्र दोन्ही प्रसंगी मागे पडला.

स्पर्धेने लावणीस प्रतिष्ठेचे व्यासपीठ दिले यात संशय नाही. परीक्षक, क्रमांक आणि बक्षीस यांमुळे बारीतील कलावंत प्रथमच स्पर्धक म्हणून ओळखला गेला; दौलतजाद्याच्या नोटेपेक्षा क्रमांकाचे प्रशस्तिपत्र निराळ्या जातीचे द्रव्य असते. परंतु मोठ्या रंगमंचास काय मानवते आणि काय मानवत नाही, हेही पाहिले पाहिजे. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर बसल्या जागी, चेहऱ्याने व हाताने, अर्थाच्या अनेक छटा उलगडल्या जातात. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) ही अदाकारीची परंपरा अखेरपर्यंत जपणाऱ्यांपैकी होत. दूरवरच्या प्रेक्षकास ती दिसणे कठीण. त्याला पदन्यासाचा वेग आणि समूहाची रचना दिसते. आश्रयदाता जे व्यासपीठ देतो, ते कलेचे मापही ठरविते. हे पेशव्यांच्या दिवाणखान्याबद्दल जितके खरे, तितकेच अकलूजच्या मंडपाबद्दलही खरे आहे.

द्राक्षमळा आला तो याच्या दशकाहून अधिक काळानंतर. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाईनला करसवलती दिल्या. पुढे इटलीचे आलेस्सियो व आंद्रेया सेक्की, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील अशा तीन घरांतील बंधूंनी मिळून मोटेवाडी परिसरात मळे लाविले. तोस्कानातील पिएरो मासी हे वाईनकार त्यांना लाभले. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. ‘सेत्ते’ म्हणजे सात, व त्या नावाची वाईन या सहा बंधूंच्या आणि मासींच्या संख्येवरून ओळखली जाते. तोस्कानाची सांजोवेझे ही जात माळशिरसच्या हलक्या, खडकाळ जमिनीत रुजविणे हे धाडसच होते. येथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते आणि पीक मात्र हिवाळ्याअखेरीस एकच घेतात.

तेव्हा मळ्याच्या उत्पन्नातून लावणी पोसली गेली असे म्हणणे कालक्रमाला धरून होणार नाही. ज्या प्रतिष्ठेमुळे स्पर्धा शक्य झाली, ती उसाची व सहकाराची होती, म्हणजे अंशतः हजारो सभासदांच्या घामाची होती. घराण्याचे नाव स्पर्धेस लाभले. सभासदांचे नाव कोठे लागत नाही. सहकाराच्या क्षेत्रातील कलाश्रयाचा विचार करताना ही विषमता नोंदविणे अगत्याचे आहे, मग आश्रयदात्याच्या रसिकतेविषयी कितीही आदर असो.

दुसरी विसंगती नैतिक आहे. तमाशाला शिष्टमान्य करण्यासाठी आधुनिक काळात जे जे प्रयत्न झाले, त्यांत मद्यापासूनची फारकत ही पहिली अट असे. येथे ज्या घराने लावणीस मंडप दिला, त्याच घराच्या पुढील पिढीने मद्यास मळा दिला. त्यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. शेतमालावरील प्रक्रिया म्हणून वाईनला एक नवे, कृषिप्रधान नाव मिळाले होते, आणि लोककला म्हणून लावणीलाही. तथापि हे नामांतर सर्वांस मान्य झाले नाही. २०२२ साली मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला, तेव्हा नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. काष्टीपासून राळेगण दूर नाही. भीमेच्या उत्तरेस १९४९ची दृष्टी अद्याप जिवंत होती.

मळ्यास ‘कौटुंबिक’ हे विशेषण लावताना कालमर्यादा सांगावी लागते. २०२४ साली सेखरी कुटुंबाच्या टिन्ना ट्रेड या शेअर बाजारातील कंपनीने फ्रातेल्ली आपल्यात सामावून घेतली, व त्या कंपनीचेच नाव पुढे फ्रातेल्ली व्हिनयार्ड्स असे झाले. तीन घरांतील बंधूंची भागीदारी म्हणून उभा राहिलेला मळा अशा रीतीने भागधारकांच्या हिशेबात आला.