सुलतान खानचा उशिरा आलेला किताब

मीर सुलतान खान १९६६ मध्ये सरगोध्यात वारला. ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं २०२४ मध्ये. उशिरा का होईना, न्याय झाला, असं म्हणता येईल. मला मात्र या उशिराचंच कोडं पडतं.

सुलतान पंजाबातल्या मिठा टिवाना गावचा. तो देशी बुद्धिबळात वाढला. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, त्यामुळे डाव सावकाश उलगडतो. जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्याला आश्रय दिला, युरोपी नियम शिकवण्याची सोय केली आणि १९२९ मध्ये लंडनला नेलं. काही महिन्यांतच तो ब्रिटिश विजेता झाला; पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही. हेस्टिंग्जला त्यानं माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं. १९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना रुबिनस्टाईन आणि फ्लोर यांना हरवलं. त्याच वर्षी टार्टाकोव्हरविरुद्धची लढतही जिंकली.

हे डाव आज मोबाईलवर सापडतात. मी ते एकेक चाल पुढे सरकवत पाहतो. सुरुवातीला तो बऱ्याचदा अवघडलेला दिसतो. पटावर मोजकी मोहरी उरली, की मात्र त्याची पकड सुटत नाही.

१९३३ च्या अखेरीस उमर हयात परतले, त्यांच्यासोबत सुलतानही. १९३५ मध्ये तो व्ही. के. खाडिलकरांशी दहा डाव खेळला. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. मग मोठ्या स्पर्धा थांबल्या.

१९५० मध्ये फिडेनं पहिल्या २७ ग्रँडमास्टरांची यादी केली. ‘तो खेळत नव्हता’ हे कारण मला पटत नाही, कारण रुबिनस्टाईनही तिशीच्या दशकातच स्पर्धांतून बाहेर पडला होता. तरी यादीत तो आहे, फ्लोर आहे, टार्टाकोव्हर आहे. तिघांनाही हरवणारा नाही!

तो खेळला ब्रिटिश हिंदुस्थानातून, इंग्लंडसाठी. यादी झाली तेव्हा त्याचं गाव पाकिस्तानात होतं. त्याच्यासाठी भांडणार कोण? मागे उरली ती ‘अक्षरशत्रू नोकर, चमत्कारानं जिंकला’ ही गोष्ट. त्याच्या घरच्यांनी ती ठामपणे नाकारली आहे. मला वाटतं, ती गोष्ट अनेकांच्या सोयीची होती. चमत्काराचं कौतुक केलं, की माणसाला त्याचं श्रेय द्यावं लागत नाही.