उत्तर अमेरिकेचा ‘नाफ्टा’ : व्यापार, मका आणि पर्यावरण

शेजारी देशांनी परस्परांमधील आयातशुल्क व व्यापारातील अन्य अडथळे दूर करून आपल्या बाजारपेठा एकमेकींस जोडणे म्हणजे प्रादेशिक व्यापार एकात्मीकरण होय. सहभागी देशांनी बाहेरच्या देशांसाठी आपापले शुल्क स्वतंत्र ठेवले, तर त्यास मुक्त व्यापार क्षेत्र म्हणतात. सर्वांनी मिळून एकच शुल्क ठरविले, तर तो सीमाशुल्क संघ होतो. पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा उत्तर अमेरिका मुक्त व्यापार करार, अर्थात ‘नाफ्टा’. १७ डिसेंबर १९९२ रोजी त्यावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ जानेवारी १९९४ पासून तो अमलात आला. दोन श्रीमंत औद्योगिक देश आणि एक विकसनशील देश यांना समान अटींवर जोडणारा हा प्रयोग असल्याने त्याचे परिणाम जगभर बारकाईने तपासले गेले.

आर्थिक परिणाम

व्यापारवृद्धीचा हेतू निःसंशय साध्य झाला. तिन्ही देशांमधील व्यापार १९९३ मध्ये सुमारे २९,००० कोटी डॉलर होता. २०१६ मध्ये तो १.१ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला. मोटारीचे सुटे भाग तयार होताना अनेकदा सीमा ओलांडू लागले. सुटे भाग आयात करून, त्यांची जुळणी करून तयार माल पुन्हा निर्यात करणारे ‘माकिलादोरा’ कारखाने मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर १९६५ पासूनच होते. करारानंतर त्यांची झपाट्याने वाढ झाली.

मात्र लाभ आणि हानी एकाच ठिकाणी पडली नाही. अमेरिकेतील काही औद्योगिक शहरांनी कारखाने गमावले. मेक्सिकोत कार्नेगी संस्थेच्या २००३ मधील अभ्यासानुसार १९९४ ते २००२ या काळात कारखानदारीत सुमारे पाच लाख रोजगार वाढले, तर शेतीतील सुमारे १३ लाख रोजगार घटले. डिसेंबर १९९४ मधील पेसोच्या अवमूल्यनाचाही या काळावर मोठा परिणाम झाल्याने साऱ्याचे श्रेय वा दोष एकट्या कराराला देता येत नाही.

मक्याचा प्रश्न

मका हे मेक्सिकोचे मूळ पीक. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथेच त्याची लागवड सुरू झाली आणि शेकडो पिढ्यांनी निवडून जपलेली देशी वाणे आजही लहान शेतकऱ्यांच्या शेतांत आढळतात. करारात मक्यासाठी १५ वर्षांची मुदत होती. प्रारंभी वर्षाला २५ लाख टन मका शुल्कमुक्त येणार होता, त्यावरील आयातीवर २१५ टक्के शुल्क होते आणि ते क्रमाने घटत २००८ मध्ये शून्यावर यायचे होते. प्रत्यक्षात मेक्सिकोने मर्यादेपलीकडील आयातीवरही हे शुल्क बहुधा वसूल केले नाही. त्यामुळे मिळणारे संरक्षण कागदावरच राहिले आणि अमेरिकेचा अनुदानित मका लवकरच बाजारात उतरला.

तरीही मेक्सिकोतील मक्याचे एकूण उत्पादन घटले नाही. सिनालोआसारख्या सिंचित राज्यांतील मोठ्या शेतांनी ते वाढविले. तेथे पाणी व रासायनिक खतांचा वापरही मोठा. पडलेल्या भावाचा भार दक्षिणेतील कोरडवाहू शेतकऱ्यांवर आला. याच भागातील चियापास राज्यात करार लागू झाला त्याच दिवशी झापातिस्तांचा उठाव झाला होता.

पर्यावरणावरील परिणाम

जीन ग्रॉसमन व अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये याच कराराच्या निमित्ताने व्यापाराचे पर्यावरणावरील परिणाम तीन प्रकारांत मांडले. उत्पादनाचे प्रमाण वाढले की प्रदूषण वाढते. उद्योगांची रचना बदलली की ते वाढू वा घटू शकते. आणि तंत्र सुधारले की घटते. प्रदूषक उद्योग सरसकट मेक्सिकोत स्थलांतरित होतील, ही भीती बहुतांशी खरी ठरली नाही. कारण प्रदूषण-नियंत्रणाचा खर्च एकूण उत्पादनखर्चाचा लहानसा भाग असतो. परंतु कारखाने व वस्ती ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने सीमेवरील शहरांत सांडपाणी व घातक कचऱ्याची व्यवस्था वाढली नाही. त्यासाठी सॅन अँटोनिओ येथे विकास बँक आणि माँट्रियल येथे पर्यावरण सहकार्य आयोग स्थापन झाला.

दाद मागण्याचे दोन मार्ग

कराराची विषमता दोन प्रकरणांतून स्पष्ट होते. सान लुईस पोतोसी राज्यातील ग्वादालकासार नगरपालिकेने मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीच्या घातक कचरा प्रकल्पास परवाना नाकारला. कंपनीने कराराच्या अकराव्या प्रकरणानुसार लवादाकडे धाव घेतली. २००० मध्ये लवादाने मेक्सिकोस सुमारे १.६७ कोटी डॉलर भरपाई देण्यास सांगितले. न्यायालयीन फेरतपासणीनंतरही त्यातील बहुतांश रक्कम कायम राहिली.

तिहुआना शहरात मात्र मेटालेस इ डेरिवाडोस हा बंद पडलेला शिसे-कारखाना हजारो टन विषारी धातुमळी उघड्यावर टाकून गेला होता. मालक सीमेपलीकडे निघून गेला. रहिवाशांनी १९९८ मध्ये आयोगाकडे तक्रार केली. आयोगास केवळ वस्तुस्थितीची नोंद प्रसिद्ध करण्याचा अधिकार होता. ती २००२ मध्ये आली. सफाईचा करार २००४ मध्ये झाला आणि काम पूर्ण होण्यास आणखी काही वर्षे लागली. गुंतवणूकदाराला बंधनकारक निवाडा मिळाला, रहिवाशांना अहवाल.

नवा करार

१ जुलै २०२० रोजी नाफ्टाची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली. त्यात पर्यावरणाचे प्रकरण मूळ संहितेत आले व त्यास तंटा-निवारणाची तरतूद लागू झाली. गुंतवणूकदारांच्या लवादाची व्याप्ती मर्यादित झाली. मक्याचा वाद मात्र मिटला नाही. जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या वापरावर मेक्सिकोने २०२३ मध्ये घातलेले निर्बंध डिसेंबर २०२४ मध्ये तंटा-मंडळाने कराराविरुद्ध ठरविले. मेक्सिकोने निर्बंध मागे घेतले. परंतु मार्च २०२५ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून अशा मक्याच्या लागवडीवर बंदी घातली. आयातीस मोकळीक आणि शेतात मनाई, अशी ही विभागणी आहे. आपल्या शिवारात काय पिकेल, हा निर्णय मेक्सिकोने अशा रीतीने स्वतःकडे राखला आहे.